धर्मभगिनी ब्लांडिना सेगाले : परदेशी आलेल्या एका कुटुंबातील शिक्षिकेचे चरित्र

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे ख्रिस्तमंदिराची जागा कोणी दिली, पाया कोणी घातला, घंटा कोणत्या साली चढविली, या गोष्टींची आठवण आपण मोठ्या अभिमानाने काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी आपल्याला लहानपणी हात धरून क्रुसाची खूण करावयास शिकविले, पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले आणि खोटे बोललो असता कानही धरला, त्या शिक्षक-शिक्षिकांची नावे दगडावर कोरलेली क्वचितच आढळतात. त्यांचे स्मारक असते ते त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वागणुकीत. अशाच एका शिक्षिकेचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ही शिक्षिका आपल्या देशातील नव्हे. ती इटलीत जन्मली, अमेरिकेत वाढली व तेथेच निवर्तली. मग पुण्याच्या ख्रिस्ती माणसाने तिचे चरित्र का वाचावे, अशी शंका कोणास येईल. तिला उत्तर असे की, आपण पुणेकर कॅथलिक मंडळी तरी मूळचे पुण्याचे कितीजण आहोत? सन १७९२ मध्ये पेशवे सवाई माधवराव यांनी दिलेल्या जागेवर शहरातील पहिले ख्रिस्तमंदिर उभे राहिले, ते पेशव्यांच्या पदरी असलेल्या गोवेकर व पोर्तुगीज शिपायांसाठी. पुढे लष्कराच्या निमित्ताने तामिळ मंडळी आली, नोकरीधंद्यासाठी गोव्याहून व मंगळुराहून कुटुंबे आली, दुष्काळाच्या व उपजीविकेच्या ओढीने नगर जिल्ह्यातून आपले बांधव आले. तेव्हा घर सोडून परक्या गावी जाणे, परकी भाषा बोलणे, आणि त्या धकाधकीत मुलांचा धर्म व शिक्षण सांभाळणे हे काय असते, ते आपल्याला निराळे सांगावयास नको. धर्मभगिनी ब्लांडिना यांचे सारे आयुष्य याच एका कामी खर्ची पडले.

जन्म व बालपण

इटलीच्या वायव्येस जेनोवा नावाचे प्राचीन बंदर आहे. अमेरिका खंडाचा शोध लावणारा कोलंबस याच शहरचा. या बंदराच्या पाठीमागे डोंगरांच्या कुशीत फोंतानाबुओना नावाचे खोरे असून त्यात चिकान्या हे लहानसे गाव आहे. तेथे ता. २३ जानेवारी १८५० रोजी फ्रान्चेस्को सेगाले व त्यांची पत्नी ज्योव्हाना यांस कन्यारत्न झाले. तिचे नाव रोझा मारिया असे ठेविले. त्या वेळी इटली हे एक राष्ट्र झालेले नव्हते; ते व्हावयास अजून अकरा वर्षे होती. डोंगराळ मुलूख, थोडी जमीन, आणि खाणारी तोंडे फार, अशी त्या खोऱ्याची स्थिती असल्यामुळे तेथील पुष्कळ कुटुंबे समुद्रापार नशीब काढावयास जात.

सेगाले कुटुंबही सन १८५४ मध्ये निघाले आणि महासागर ओलांडून अमेरिकेतील ओहायो संस्थानात, सिनसिनाटी या नदीकाठच्या शहरी जाऊन राहिले. रोझा तेव्हा चार वर्षांची होती. त्या शहरात जर्मन व आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. इटालियन माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इंग्रजीचा एक शब्द न जाणणाऱ्या त्या कुटुंबाने आरंभी फार हलाखी सोसली. वडिलांनी फळे विकण्याचा धंदा धरला व कष्टाने हळूहळू संसार सावरला. घरातील गरिबी मुलांपासून लपत नाही. पण आईबापांची श्रद्धाही लपत नाही. रात्री दिवा लावून सर्व कुटुंब एकत्र गुडघे टेकीत असे, अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात देवाच्या कामाची ओढ लवकर उपजली यात नवल नाही. लहान असतानाच शहरातील गोरगरिबांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनी तिने पाहिल्या, आणि मोठी झाल्यावर आपण त्यांच्यात जाणार असे तिने वडिलांस सांगून टाकले.

व्रतग्रहण

या धर्मभगिनी म्हणजे प्रेमसेवेच्या भगिनींचा संघ होय. अमेरिकेत हा संघ एलिझाबेथ अ‍ॅन सीटन या विधवा साध्वीने सन १८०९ मध्ये स्थापिला होता. सिनसिनाटीची शाखा सन १८५२ पासून स्वतंत्रपणे काम पाहत होती. शाळा, अनाथालये व रुग्णालये ही त्यांची कार्यक्षेत्रे. ता. १३ सप्टेंबर १८६६ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, रोझाने या संघात प्रवेश केला. तिला नाव मिळाले ब्लांडिना. मूळची संत ब्लांडिना ही इसवी सन १७७ मध्ये फ्रान्सातील लियों येथे श्रद्धेसाठी प्राण देणारी एक दासी होती. देहाने दुबळी, पण छळापुढे न वाकणारी अशी तिची ख्याती. हे नाव रोझाला किती शोभले, ते पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानात येईल. तिची बहीण मारिया मादालेना हीदेखील याच संघात दाखल झाली व सिस्टर जस्टिना या नावाने ओळखली जाऊ लागली. या दोघी बहिणींचे प्रेम अखेरपर्यंत टिकले.

प्रारंभी सिस्टर ब्लांडिना यांनी ओहायोतील स्टूबेनव्हिल व डेटन या गावी मुलांना शिकविले. सहा वर्षे याप्रमाणे गेली. एवढ्यात एक लहानसे पत्र आले आणि त्यांच्या आयुष्याचा ओघ पार बदलला.

एकटीचा प्रवास

सन १८७२ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांस वरिष्ठांची आज्ञा झाली की, त्रिनिदाद येथे जावे. त्रिनिदाद म्हणजे दक्षिणेकडील समुद्रातले बेट, अशी त्यांची व मठातील इतरांची समजूत झाली! मागाहून कळले की, हे त्रिनिदाद निराळे. पश्चिमेस कोलोरॅडो प्रांतात, डोंगराच्या पायथ्याशी, कोळशाच्या खाणींजवळ वसलेले एक रांगडे गाव. तेथे कायद्यापेक्षा पिस्तुलाचा अंमल अधिक चाले. सोबतीस कोणी नव्हते. बावीस वर्षांची ती भगिनी एकटीच निघाली.

आगगाडी जेथवर होती तेथवर आगगाडीने, आणि पुढे घोड्यांच्या टपालगाडीने, असा तो प्रवास. वाटेत रात्रीच्या वेळी त्या गाडीत एक धिप्पाड गुराखी चढला. त्या प्रांतातील गुराखी म्हणजे कमरेला पिस्तूल लावून हिंडणारे, दारू व मारामारी यांत रमणारे लोक, असे सिस्टरांनी ऐकले होते. अंधारात, एकाच गाडीत, अशा माणसाबरोबर बसावे लागले तेव्हा त्या फार भ्याल्या, हे त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. परंतु बोलणे सुरू झाल्यावर त्यांच्यातील शिक्षिका जागी झाली. त्यांनी त्याच्या आईची विचारपूस केली. त्याने कित्येक वर्षांत आईला पत्र पाठविले नव्हते. मुक्कामाला पोहोचताच आईला पत्र लिहीन, असे त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतले. ज्याचे भय वाटत होते तो एका दुःखी आईचा मुलगा निघाला. हा अनुभव सिस्टर ब्लांडिना यांस जन्मभर पुरला. यापुढे कोणाही माणसाकडे पाहताना त्या प्रथम त्याची आई आठवीत, असे म्हणावयास हरकत नाही.

त्रिनिदादची शाळा

डिसेंबरात त्या त्रिनिदादला पोहोचल्या. गावात बहुतेक मेक्सिकन वंशाची स्पॅनिश बोलणारी माणसे, काही नवे आलेले अमेरिकन, खाणींतील मजूर, आणि आसपास यूट जातीचे मूळ रहिवासी. सिस्टरांची मायबोली इटालियन, शिक्षण इंग्रजीत, आणि समोर बसलेली मुले स्पॅनिश बोलणारी. त्यांनी ती भाषाही आत्मसात केली. आपल्या शहरात एकाच बाकावर मराठी, कोंकणी व तामिळ बोलणारी मुले बसलेली ज्या शिक्षकांनी पाहिली आहेत, त्यांस या श्रमाची कल्पना येईल.

शाळेची इमारत म्हणजे उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांची एक ठेंगणी, काळोखी खोली. नवी शाळा बांधावी असे सिस्टरांच्या मनाने घेतले. पण जवळ पैसा नव्हता. दुसरा कोणी असता तर अर्ज लिहीत बसला असता. या बाईंनी हाती पहार घेतली, छपरावर चढल्या आणि एकेक वीट काढून खाली टाकू लागल्या! रस्त्याने जाणारी गावातील एक सुखवस्तू बाई हा प्रकार पाहून थबकली आणि हे काय चालले आहे म्हणून विचारू लागली. नवी शाळा बांधावयाची म्हणून जुनी पाडीत आहे, असे सिस्टरांनी वरूनच शांतपणे सांगितले आणि काय काय लागेल तेही सांगितले. त्या बाईने तत्काळ आपली माणसे व अवजारे पाठवून दिली. ते पाहून आणखी लोक आले; कोणी लाकूड दिले, कोणी हात दिले. गिलाव्याच्या वेळी गवंड्याला हाताखाली माणूस मिळेना, तेव्हा सिस्टर स्वतः चुन्याच्या बादल्या वाहू लागल्या. त्याच सुमारास त्या प्रांताचे बिशप माशबफ भेटीस आले असता त्यांनी हे दृश्य पाहिले, आणि पैशावाचून ही मंडळी इमारती कशा बांधतात याचे कोडे त्यांस उलगडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिस्टरांनी लोकांस उपदेश केला नाही की त्यांच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी काम आरंभिले. गाव आपल्या कामात येत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुढाऱ्यांनी त्या पहारेची आठवण ठेवावी.

जमाव आणि क्षमा

सिस्टर ब्लांडिना यांच्या चरित्रातील सर्वांत गंभीर प्रसंग याच गावी घडला. त्यांच्या वर्गातील एका मुलाच्या बापाने एका माणसावर गोळी झाडली. जखमी माणूस मरणोन्मुख होऊन पडला व मारणाऱ्याला तुरुंगात ठेविले. त्या काळी त्या प्रांतात न्यायाधीशाची वाट पाहण्याची रीत नव्हती. जखमी माणसाचा प्राण केव्हा जातो याची वाट पाहत लोकांचा जमाव तुरुंगाबाहेर दबा धरून बसला होता. मृत्यूची बातमी येताच कैद्यास ओढून काढावयाचे व झाडाला लटकवावयाचे, असा बेत ठरला होता.

तो मुलगा शाळेत आला तो काळवंडलेला चेहरा घेऊन. बापाने गुन्हा केला हे त्याला ठाऊक होते. आणि बापाचे काय होणार हेही ठाऊक होते. अशा वेळी शिक्षिकेने काय करावे? गुन्हेगाराची बाजू घ्यावी, तर मरणाऱ्यावर अन्याय. स्वस्थ बसावे, तर एका खुनावर दुसरा खून. सिस्टरांनी यांपैकी काहीच केले नाही. त्या प्रथम गेल्या जखमी माणसाकडे. त्याची शुश्रूषा करता करता त्यांनी त्यास विचारले की, ज्याने तुझा घात केला तो तुझ्या पायाशी येऊन क्षमा मागेल तर तू देशील काय? तो माणूस तरुण होता, वेदनेने तळमळत होता. त्याने होकार दिला. मग त्या तुरुंगात गेल्या व शेरीफास, म्हणजे तेथील फौजदारास, भेटून म्हणाल्या की, कैद्यास त्या घरापर्यंत नेले पाहिजे. असे केल्यास जमाव वाटेतच त्याचे तुकडे करील, असे फौजदाराचे मत पडले. पण सिस्टर हट्टास पेटल्या. शेवटी एका बाजूस फौजदार, एका बाजूस ही भगिनी व मध्ये तो थरथर कापणारा कैदी, असे तिघेजण भर रस्त्याने, त्या शस्त्रधारी जमावाच्या डोळ्यांदेखत चालत गेले. कोणाचाही हात उठला नाही.

खोलीत शिरल्यावर कैद्याने त्या मरणाऱ्याची क्षमा मागितली, आणि त्याने ती सर्वांसमक्ष दिली. पुढे कायद्याने आपले काम करावे अशी इच्छाही प्रकट केली. ज्याचा सूड घ्यावयाचा त्यानेच क्षमा केली म्हटल्यावर जमावाला तेथे थांबण्याचे कारण उरले नाही. लोक पांगले. पुढे कैद्याची रीतसर चौकशी होऊन त्यास शिक्षा झाली.

वाचकहो, प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेचे वाक्य आपण प्रत्यही म्हणतो. ते मुलांकडून पाठ करवून घेणे सोपे आहे. पण त्या दिवशी शाळेतील मुलांनी ते वाक्य रस्त्यावरून चालताना पाहिले. शिक्षकाचा खरा पाठ वर्गात नव्हे, अशा ठिकाणी होत असतो.

दरोडेखोराची गोष्ट

याच काळातील आणखी एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. एका दरोडेखोर टोळीतील जखमी माणूस गावात आणून टाकला असता गावच्या चार डॉक्टरांनी त्याला औषधपाणी करण्याचे नाकारले. सिस्टर ब्लांडिना मात्र त्याच्याकडे अन्न, पाणी व औषध घेऊन जात राहिल्या. टोळीचा नायक बिली याने त्या चारही डॉक्टरांचा सूड घेण्याची प्रतिज्ञा केली होती. तो आला, आपल्या माणसाची कोणी सेवा केली हे त्यास कळले, आणि उपकाराची फेड म्हणून काय हवे ते मागा असे त्याने सिस्टरांस सांगितले. त्यांनी त्या चार डॉक्टरांचे प्राण मागून घेतले.

या बिलीला लोक प्रसिद्ध दरोडेखोर बिली द किड समजत आले. आज इतिहासाचे अभ्यासक मात्र सांगतात की, सन १८७६ मध्ये तो पुरुष त्या भागात नव्हता, तेव्हा हा दुसराच कोणी त्या नावाचा असावा. सत्यास सोडून आपल्या थोर माणसांची कीर्ती वाढविण्याचे कारण नाही. तो प्रसिद्ध असो वा अप्रसिद्ध, टाकून दिलेल्या माणसाच्या उशाशी बसणे हे जे सिस्टरांचे कृत्य, त्याची किंमत तेणेकरून कमी होत नाही.

सांता फे व आल्बुकर्क

सन १८७६ च्या अखेरीस त्यांची बदली न्यू मेक्सिको प्रांतातील सांता फे या जुन्या शहरी झाली. तेथील आर्चबिशप लामी हे मूळचे फ्रेंच. त्यांनीच सन १८६५ मध्ये या भगिनींस त्या प्रांतात बोलाविले होते. रुग्णालय व अनाथालय चालू होते, पण पैशाची नेहमीच चणचण. सिस्टर ब्लांडिना कधी खाणींत, कधी लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांच्या छावण्यांत हिंडून वर्गणी गोळा करीत. पोरक्या व गरीब मुलींना शिवणकाम व इतर उद्योग शिकवून पायावर उभे करावे, या हेतूने त्यांनी तेथे तीन मजल्यांची औद्योगिक शाळा बांधविली. भांडवल जवळजवळ शून्य, पण इमारत पुरी झाली.

सन १८८० मध्ये लोहमार्ग आल्बुकर्क शहरी पोहोचला आणि नवीन वस्ती झपाट्याने वाढू लागली. तेथे नेपल्स प्रांतातून आलेले इटालियन जेझुइट पाद्री काम करीत होते. त्यांच्या आग्रहावरून सन १८८१ मध्ये भगिनींनी तेथे शाळा उघडली, आणि मठ व शाळा उभारण्याचे काम सिस्टर ब्लांडिना यांच्याकडे आले. त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांची जमीन व जीवन गोरे लोक कसे हिरावून घेत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. या अन्यायाविषयी त्या कधी मूग गिळून बसल्या नाहीत. बोलल्या व लिहिते झाल्या. पुढे शतकाच्या आरंभी त्यांस पुनः एकदा आल्बुकर्कला पाठविण्यात आले, तेव्हा क्षयरोग्यांसाठी सेंट जोसेफ आरोग्यभवन उभारण्याच्या कामी त्यांनी हात लावला. ते सन १९०२ मध्ये सुरू झाले.

व्रतवस्त्राचा प्रश्न

सन १८८९ मध्ये त्या त्रिनिदादला परत आल्या. तेथील सरकारी शाळेत भगिनी शिकवीत असत, आणि त्यांच्या शिकविण्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु आता काळ बदलला होता. नव्या वस्तीबरोबर नवी मते आली होती. सन १८९२ मध्ये शाळामंडळाने असे सांगितले की, सिस्टरांनी व्रतवस्त्र उतरवून साध्या पोशाखात शिकवावे, नाहीतर जागा सोडावी. ज्या गावासाठी पहार हाती घेतली त्याच गावाने ही अट घालावी याचे दुःख त्यांस झाले असेलच. पण त्यांनी विनयाने व ठामपणे उत्तर दिले की, देशाच्या राज्यघटनेने मंडळाच्या सभासदांना जसा आपल्या मनाजोगता पोशाख करण्याचा अधिकार दिला आहे, तसाच तो आपल्यालाही दिला आहे. वस्त्र उतरविले नाही; जागा सोडली. वीस वर्षांच्या श्रमांचे फळ मागे टाकून त्या निघून गेल्या, आणि सन १८९४ मध्ये ओहायोला परतल्या.

परदेशी आलेल्यांची माता

येथे त्यांचे चरित्र संपले असते तरी ते पुरेसे झाले असते. पण देवाने त्यांचे सर्वांत दीर्घ काम पुढेच राखून ठेविले होते. सन १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेत आली. सिनसिनाटीतही त्यांची वस्ती वाढली. बापुडवाण्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी, भाषा न जाणणारी, मुकादमाकडून नाडली जाणारी ही माणसे. त्यांची मुले रस्त्यावर. याच लोकांसाठी संत फ्रान्सिस्का कॅब्रिनी सन १८८९ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. सिनसिनाटीत हे काम सन १८९७ मध्ये सिस्टर ब्लांडिना व सिस्टर जस्टिना या सख्ख्या बहिणींवर सोपविण्यात आले. वरिष्ठ मातेने हाती दिलेली रक्कम पाच डॉलर!

चार दशकांपूर्वी याच शहरात फळे विकणाऱ्या बापाच्या या मुली. वस्तीतील प्रत्येक दार त्यांस आपलेच वाटले. ता. ८ डिसेंबर १८९७ रोजी, म्हणजे पवित्र मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, सांता मारिया संस्थेची रीतसर नोंदणी झाली. मुलांची शाळा, रविवारचे धर्मवर्ग, कामावर जाणाऱ्या आयांच्या तान्ह्यांसाठी दिवसाचे पाळणाघर, प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग, मुलींसाठी शिवण व स्वयंपाक, बेकारांस नोकरी मिळवून देणे, असा कार्याचा विस्तार होत गेला. चुकलेली मुले न्यायालयापुढे उभी राहिली म्हणजे त्यांच्या वतीने बोलावयास याच दोघी जात. फसवून नेलेल्या तरुण मुलींस सोडविण्यासाठीही त्यांनी समाजकंटकांशी झुंज घेतली. अमेरिकेत कॅथलिकांनी चालविलेल्या या प्रकारच्या आद्य संस्थांत सांता मारियाची गणना होते. आणि ती सिनसिनाटीत आजतागायत गोरगरिबांची सेवा करीत आहे.

येथे आपल्या पुण्याची एक आठवण होते. ब्लांडिना यांच्या जन्माआधी दोनच वर्षे, सन १८४८ मध्ये, भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई फुले चिखलफेक सोशीत तेथे शिकवावयास जात राहिल्या. ज्या १८९७ साली सिनसिनाटीत सांता मारियाचा पाया पडला, त्याच साली सावित्रीबाई प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता पुण्यात निवर्तल्या. दोघींचा धर्म निराळा, देश निराळा, एकमेकींचे नावही त्यांनी ऐकले नसेल. पण शिक्षिकेचे व्रत शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही, हे दोघींनीही एकाच काळी, पृथ्वीच्या दोन टोकांस, करून दाखविले.

उत्तरायुष्य

पश्चिमेकडील एकवीस वर्षांत सिस्टर ब्लांडिना बहिणीसाठी आपली रोजनिशी लिहीत होत्या. ती सन १९३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्या प्रांताच्या इतिहासाचे एक साधन म्हणून तिला मान मिळाला. तत्पूर्वी सन १९३१ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्या रोमला गेल्या. स्वतःच्या मानासन्मानासाठी नव्हे, तर आपल्या संघाची मूळ माता एलिझाबेथ सीटन यांस संतपद मिळावे अशी विनंती करावयास. पोपमहाराज अकरावे पायस यांची त्यांनी भेट घेतली. ज्या देशातून चार वर्षांची पोर म्हणून त्या निघाल्या होत्या, त्या देशाचे दर्शन त्यांस असे घडले. सीटन यांस संतपद मिळाले ते पुढे सन १९७५ मध्ये.

सन १९३३ मध्ये त्या सिनसिनाटीजवळील मातृगृहात विश्रांतीसाठी आल्या आणि तेथेच ता. २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, प्रभूच्या ठायी विसावल्या. सन २०१४ मध्ये सांता फेच्या महाधर्मप्रांताने त्यांच्या संतपदाच्या चौकशीस आरंभ केला, तेव्हापासून ख्रिस्तसभा त्यांस ईश्वराची सेविका या नावाने संबोधिते.

उपसंहार

असो. या चरित्रापासून बोध घ्यावयाचा तो कोणता? सिस्टर ब्लांडिना यांच्यापाशी धन नव्हते, सत्ता नव्हती. पुष्कळ वेळा सोबतही नव्हती. आणि त्यांस भय वाटत नसे असेही नाही. टपालगाडीतील ती रात्र त्यांनी लपविलेली नाही. भय वाटत असतानाच त्या पुढे गेल्या, एवढेच.

आपल्या शहरात जीझस अँड मेरीच्या भगिनींनी सन १८६० मध्ये आणि येशूसंघीयांनी सन १८६७ मध्ये शाळा उघडल्या, त्यांच्या छायेत आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. आज आपली घरे बरी चालली आहेत. पण आपल्याच धर्मग्रामाच्या हद्दीत इमारतींच्या बांधकामावर दूर प्रांतांतून मजुरीस आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोपटांत राहतात, आणि त्यांची मुले वाळूच्या ढिगावर खेळत दिवस काढतात. ती आपली भाषा बोलत नाहीत. एके काळी आपले आजे-पणजेही या शहराची भाषा बोलत नव्हते. त्या मुलांच्या हाती पाटी देण्यासाठी पाच डॉलरांहून अधिक रक्कम आपल्यापाशी खात्रीने आहे. उणीव असलीच तर पहार उचलणाऱ्या हातांची आहे.

ज्या शिक्षकांनी आपल्याला घडविले त्यांचे ऋण द्रव्याने फिटत नाही. ते दुसऱ्या कोणा मुलाला शिकवूनच फेडावे लागते. या महोत्सवाच्या निमित्ताने त्या सर्व ज्ञात-अज्ञात शिक्षक-शिक्षिकांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो, आणि त्यांचे काम पुढे चालविण्याची बुद्धी व बळ आपणांस देवो, हीच त्याच्या चरणी नम्र प्रार्थना.